दिवसभर चार्जरला लावलेला लॅपटॉप लाईट गेल्यावर ३८ टक्क्यांवर बंद पडला

कृष्णाकाठची
मी सांगलीत घरूनच हिशेबाचं काम करते. मार्केट यार्डातल्या चार अडत दुकानांची खाती माझ्याकडे आहेत. हळदीच्या सौद्यांची बिलं, जीएसटीची रिटर्न्स, वर्षअखेरीचा ताळेबंद, सगळं याच एका लॅपटॉपवर. सकाळी साडेनऊला तो चालू होतो आणि रात्री आठला बंद. चार्जर तीन वर्षांत मी मुद्दाम असा कधी काढलाच नाही, कारण सौद्याचे दिवस सोडले तर लॅपटॉप टेबलावरून हलतच नाही.

मंगळवारी दुपारी लाईट गेली. बॅटरी १०० दाखवत होती म्हणून मी निवांत नोंदी टाकत राहिले. वीस मिनिटांत आकडा ३८ वर आला आणि तिथेच स्क्रीन काळी. सूचना नाही, काही नाही. चाळीसेक नोंदी गेल्या, त्या रात्री बसून परत टाकल्या.

आता घरात तीन सल्ले आहेत. सासूबाई म्हणतात, फोन भरला की काढतेस, मग हा का काढत नाहीस? जाऊबाईंचा मुलगा म्हणतो, काकू, पूर्ण संपू द्यायची आणि मगच लावायची. ज्या दुकानातून घेतला तिथला माणूस म्हणतो, चोवीस तास लावलं की बॅटरी जाणारच. मी दिवसभर लावून ठेवला म्हणूनच असं झालं का? आणि नवी बॅटरी टाकली तर तिचंही हेच होणार का? नीट समजून घ्यायचंय, म्हणून धागा काढला.

कराडचा_विद्यार्थी
ताई, आधी बॅटरीचा अहवाल काढा, म्हणजे अंदाजपंचे बोलायला नको. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडा. त्यात 'पॉवर' हा शब्द इंग्रजीत, त्याला जोडूनच सी-एफ-जी ही अक्षरं, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' असं सलग टाइप करून एंटर दाबा. फाईल कुठे तयार झाली ते खाली दिसेल, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यातले तीन आकडे इथे सांगा: डिझाइन कपॅसिटी, फुल चार्ज कपॅसिटी आणि सायकल काउंट. काही लॅपटॉपमध्ये सायकल काउंटच्या जागी नुसती रेघ येते, तशी आली तर सोडून द्या.

सातारकर_आण्णा
दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे. मी गेली दहा वर्षं एकच नियम पाळतो. भरली की पिन काढायची, २० वर आली की लावायची. माझा आधीचा लॅपटॉप सहा वर्षं चालला. दिवसभर वीज आत ढकलत राहिलात तर कुठलीही बॅटरी फुटायचीच.

सोल्डरगन
विश्रामबागला माझं लॅपटॉप दुरुस्तीचं काम आहे, रोज चार-पाच मशीन उघडतो. आण्णा, एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. १०० टक्के झाल्यावर वीज आत ढकलली जात नाही. बोर्डावर चार्जिंगची वेगळी चिप असते, ती सेल भरले की चार्जिंग तोडते. तिथून पुढे लॅपटॉप सरळ अॅडॉप्टरवर चालतो आणि बॅटरी नुसती शेजारी बसून राहते. आकडा आपोआप ९५ च्या आसपास उतरला की ती पुन्हा थोडी भरते. 'ओव्हरचार्ज' होऊन बॅटरी गेली असं जे लोक म्हणतात ते चांगल्या मशीनमध्ये, चांगल्या चार्जरवर सहसा होत नाही.

पण ताईंची बॅटरी गेलीय हेही खरं. ताई, अहवाल टाका. आणि अजून दोन गोष्टी सांगा. लॅपटॉपखाली काय आहे, आणि गरम हवा कुठल्या बाजूनं बाहेर पडते?

कृष्णाकाठची
अहवाल काढला. डिझाइन कपॅसिटी ४२,००० मिलिवॅट-तास. फुल चार्ज कपॅसिटी २४,३६०. सायकल काउंट ६४.

खाली क्रोशाचा रुमाल आहे, मीच विणलेला. टेबल भिंतीला लावलंय. हवा मागच्या बाजूनं, म्हणजे भिंतीकडे जाते. खिडकी पश्चिमेची आहे, दुपारी तीननंतर ऊन थेट टेबलावर येतं.

निवृत्त_मास्तर
ताई, तुमच्या तिसऱ्या आकड्याकडे बघा. ६४.

सायकल म्हणजे बॅटरीतून एकूण १०० टक्के वीज वापरली जाणं. आज ५० वापरली, भरली, उद्या पुन्हा ५० वापरली, की दोन दिवसांची मिळून एक सायकल. साधारण लॅपटॉपची बॅटरी ३०० ते ५०० सायकलनंतर मूळच्या ८० टक्क्यांवर येईल अशा हिशेबानं केलेली असते. मॅकबुकसाठी कंपनी १००० सायकल सांगते. तुमची फक्त ६४ झालीत, आणि तरी ती मूळच्या ५८ टक्क्यांवर आलीय (४२,००० पैकी २४,३६०). म्हणजे तुमची बॅटरी वापरून झिजलेली नाही. भरलेल्या अवस्थेत, उष्णतेत, तीन वर्षं बसून म्हातारी झाली.

मी मिरजेच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. लिथियम-आयन सेलमध्ये एका बाजूला ग्राफाइट आणि दुसऱ्या बाजूला धातूचं ऑक्साइड असतं, मध्ये द्रव. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात, वापरताना परत येतात. पूर्ण भरलेल्या सेलचा विद्युतदाब ४.२ व्होल्टच्या आसपास असतो, काही नव्या सेलमध्ये त्याहून थोडा जास्त. या दाबाला आतलं द्रव स्थिर राहत नाही. अगदी संथपणे ते ऑक्साइडच्या पृष्ठभागावर विघटित होत राहतं. ग्राफाइटवरही एक पातळ थर असतो. तो हवाच असतो, पण तो जाड होत जातो आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम कायमचं गिळतो. सेल ८० टक्क्यांवर ठेवला की दाब ४ व्होल्टच्या जवळपास येतो आणि ही झीज बरीच मंदावते.

आणि तापमान. दहा अंश वाढले की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळ मानानं दुप्पट होतो. सांगलीत एप्रिल-मे महिन्यात बाहेर ४० अंश असतात. पश्चिमेचं ऊन, खाली रुमाल, मागे भिंत. त्या बॅटरीनं तीन उन्हाळे कसे काढले असतील, विचार करा.

जाऊबाईंच्या मुलाचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा आहे. त्यांना अर्धवट चार्ज केलं की 'सवय' लागायची. सोनीनं १९९१ मध्ये लिथियम-आयन बाजारात आणली तेव्हापासून तो प्रश्नच उरला नाही. उलट लिथियमला पूर्ण रिकामं करणं सोसत नाही.

द्राक्षबाग
तासगावकडचा आहे, शेती करतो. मास्तरांनी सांगितलं ते मला असं समजलं. ऊस भरलेली गाडी रोज पळाली तर टायर झिजतात, ते दिसतं. पण भरली गाडी कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत तीन-तीन दिवस उभी राहते, तेव्हा चाकांवरचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, बसतात. गाडी एक फूट हलली नाही तरी पाटे बसतात. अर्धी भरून उभी केली असती तर बसले नसते.

निवृत्त_मास्तर
द्राक्षबाग, अगदी तसंच. आणि ऊन म्हणजे त्याच गाडीत अजून टनभर माल.

सातारकर_आण्णा
मास्तर, मान्य. पण म्हणजे माझाच नियम बरोबर ठरला ना? भरलेली ठेवायची नाही म्हणून मी काढतो.

निवृत्त_मास्तर
आण्णा, कारण बरोबर आहे, पण हिशेब बघा. १०० वरून २० पर्यंत एकदा वापरली म्हणजे ८० टक्के. ताईंसारखं दिवसभर काम असेल तर असं दिवसातून दोनदा होईल, म्हणजे रोजच्या १.६ सायकल. वर्षात ३०० कामाचे दिवस धरले तरी ४८० सायकल झाल्या. बॅटरीचं सांगितलेलं आयुष्य एका वर्षात संपलं. तुमचं काम दिवसात तास-दीड तासाचं असेल, म्हणून सहा वर्षं निघाली.

सातारकर_आण्णा
होय, माझं तेवढंच आहे. पत्रव्यवहार आणि बँकेचं थोडं. दिवसभर वापरणाऱ्याचा मी विचार केला नव्हता.

अजून एक सांगतो. आधीच्या लॅपटॉपची बॅटरी खालून काढता यायची. एका उन्हाळ्यात मी ती काढून कपाटात ठेवली आणि नुसत्या अॅडॉप्टरवर काम केलं. दिवाळीला बसवली तर चार्जच घेईना. तेव्हा वाटलं बॅटरीच मुळात खराब होती. ठेवताना ती जवळजवळ रिकामी होती, हे आत्ता लिहिताना आठवतंय.

सोल्डरगन
त्यानंच गेली ती. ठेवून द्यायची तर निम्मी भरून, थंड जागी ठेवायची आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघायची. रिकामी ठेवली की ती आपसूक अजून उतरत जाते, आणि एका मर्यादेखाली गेली की आतलं सर्किट तिला परत चार्ज होऊच देत नाही. ते सर्किट बरोबरच करतं. एवढा उतरलेला सेल जबरदस्तीनं भरणं धोक्याचं असतं.

आता ताईंच्या मूळ प्रश्नावर येतो. उपाय सोपा आहे आणि बहुतेक मशीनमध्ये आधीपासून दिलेला असतो, पण कोणी सांगत नाही. चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा घाला आणि चार्जर खुशाल लावून ठेवा. लेनोवोत व्हँटेज नावाचं अॅप असतं, त्यात कॉन्झर्व्हेशन मोड. आसुसमध्ये मायआसुस उघडलं की बॅटरीच्या पानावर ८० चा पर्याय आहे. डेलमध्ये बायोसमध्येच, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बॅटरीची सेटिंग असते, तिथे 'प्रायमरिली एसी' निवडायचं. एचपीच्या बऱ्याच ऑफिस मॉडेलमध्येही बायोसमध्ये 'बॅटरी हेल्थ मॅनेजर' सापडतो. एसरलाही ८० ची मर्यादा आहे. मॉडेल जुनं असेल तर मिळेलच असं नाही, पण आधी तिथे बघा. यासाठी बाहेरचं कुठलंही फुकट अॅप टाकू नका.

आणि तो रुमाल काढा. तुम्ही विणलाय हे कळतंय, पण तो पंख्याची हवा अडवतोय. लॅपटॉप भिंतीपासून वीतभर पुढे घ्या.

कराडचा_विद्यार्थी
लिनक्सवाल्यांसाठी: टीएलपी हे पॅकेज टाका, त्याच्या सेटिंगच्या फाईलमध्ये कुठे चार्ज सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा हे दोन आकडे देता येतात. माझे ७५ आणि ८० आहेत. थिंकपॅडवर छान चालतं, बाकी मशीनवर कर्नलचा पाठिंबा असेल तरच.

मिरजकर_मी
मध्येच विचारतोय, माफ करा. माझाही लॅपटॉप दिवसभर लावलेलाच असतो. बॅटरी व्यवस्थित टिकते, पण महिनाभर टचपॅड डाव्या बाजूला दाबलाच जात नाही. झाकण लावलं तरी एका कोपऱ्यात फट राहते. याचा बॅटरीशी संबंध असेल का?

सोल्डरगन
दादा, लगेच चार्जर काढा आणि लॅपटॉप बंद करा. हे वाचून झाल्यावर लगेच.

तुमची बॅटरी फुगलीय. आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू धरलाय, सेलची पिशवी फुगून टचपॅडला खालून दाबतेय. वर जड काही ठेवू नका, दाबून झाकण लावू नका, स्वतः खोलू नका. फुगलेल्या सेलला स्क्रूड्रायव्हरचं टोक लागलं तर आग लागते, आणि ती आग साधी नसते. फरशीवर, पडद्यापासून लांब ठेवा. उद्या कुणाही चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे तसाच घेऊन जा.

मिरजकर_मी
काढला. फरशीवर ठेवलाय. आता झाकण बारकाईनं बघतोय तर तळपण मध्ये फुगलेलं आहे, टेबलावर ठेवला की डुगडुगायचा. मला वाटायचं खालचा रबराचा पाय पडलाय.

द्राक्षबाग
मिरजकर, उद्या काय झालं ते लिहा.

कृष्णाकाठची
मीही लगेच माझा उलटा करून बघितला. सपाट आहे.

रुमाल काढला. लॅपटॉप पुढे ओढला. खालच्या जाळीवर पिवळट काहीतरी दिसतंय.

सोल्डरगन
ताई, हळद.

मार्केट यार्डातून येणारी मशीन मी उघडतो तेव्हा पंख्याच्या तोंडाशी तांब्याच्या पात्यांवर पिवळा थर बसलेला असतो, घोंगडीसारखा घट्ट. नखानं सोलून काढावा लागतो. नुसतं फुंकून जात नाही, कारण हळदीत थोडं तेल असतं, त्यावर धूळ चिकटत जाते. तुम्ही घरी काम करता, पण सौद्याच्या दिवशी लॅपटॉप दुकानात घेऊन जात असाल, किंवा तिकडून वह्या-बिलं घरी येत असतील. हवा बाहेर पडली नाही की प्रोसेसरची गरमी तळाशी पसरते, आणि बहुतेक मशीनमध्ये बॅटरी तिथेच शेजारी असते. बॅटरी बदलायला आणाल तेव्हा ते साफ करून घ्या.

कृष्णाकाठची
हो, सौद्याच्या दिवसांत चार-पाच तास दुकानात बसते. पोत्यांच्या शेजारीच टेबल असतं.

एक राहिलं. आकडा ३८ असताना बंद कसा पडला?

निवृत्त_मास्तर
जुन्या सेलचा आतला रोध वाढलेला असतो. प्रोसेसरनं एकदम जास्त वीज ओढली की व्होल्टेज धाडकन खाली येतं, आणि सर्किट बॅटरी तोडतं. आकडा हा अंदाज असतो, मोजलेली वीज नव्हे. शिवाय तुमची बॅटरी कधी पूर्ण खाली उतरलीच नाही, त्यामुळे तो अंदाज दुरुस्त व्हायची संधीच मिळाली नाही. नवी टाकल्यावर तीन-चार महिन्यांनी एकदा १०० करून १० पर्यंत उतरवा आणि पुन्हा भरा. त्यानं बॅटरी सुधारत नाही, आकडा सुधारतो.

सातारकर_आण्णा
पण मग लाईट जाण्याचं काय? ताईंकडे ८० वर ठेवली आणि दोन तास लाईट नाही, तर २० टक्के कमीच मिळणार ना? पोवई नाक्याजवळ आमच्याकडे फारशी जात नाही, पण तिकडे उन्हाळ्यात वळवाच्या पावसात जाते म्हणतात.

निवृत्त_मास्तर
रास्त प्रश्न आहे आणि उत्तर प्रत्येकाचं वेगळं. नवी बॅटरी ८० टक्क्यांवर म्हणजे ताईंच्या आकड्यात ३३,६०० होतात. आज पूर्ण भरून २४,३६० मिळतात. म्हणजे मर्यादा घालूनही आजच्यापेक्षा जास्त.

माझा स्वतःचा नियम नदीवर आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत दिवसचे दिवस लाईट नव्हती. तेव्हा मुलीच्या घरी अडकलो होतो. लॅपटॉप भरलेला होता, तो बंद ठेवून फक्त त्याच्यावरून सगळ्यांचे फोन चार्ज केले. त्या फोनवरच नातेवाइकांना आम्ही सुखरूप असल्याचं कळलं. तेव्हापासून पावसाळ्यात पुलाची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे निघाली की मी मर्यादा काढून १०० करतो. पाणी उतरलं की परत ८०. चार-आठ दिवस पूर्ण भरून ठेवल्यानं काही बिघडत नाही, तीन वर्षं ठेवल्यानं बिघडतं.

कृष्णाकाठची
मास्तर, आमचंही घर तेव्हा गावभागात होतं. हा नियम मी आजच भिंतीवर लिहून ठेवतेय.

मिरजकर_मी
नेला. दुरुस्तीवाल्यानं तळ उघडून दाखवला. तीनपैकी दोन सेल उशीसारखे फुगलेले. वॉरंटी संपलेली, त्यामुळे खर्च माझाच, पण हातात घेऊन बघितल्यावर घाम फुटला. माझी मुलगी तो मांडीवर घेऊन अभ्यास करायची. सोल्डरगन, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका म्हणाला, त्यानं ती वाळूच्या डब्यात ठेवली.

सोल्डरगन
योग्य केलं त्यानं. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायच्या. कनेक्टरच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून द्या, म्हणजे शॉर्ट होत नाही. घंटागाडीत कधीच नको. कचरा दाबताना सेल फुटला की गाडीच पेटते.

कृष्णाकाठची
तीन आठवड्यांनी लिहितेय. बॅटरी बदलली, कंपनीचीच घेतली, साडेचार हजार गेले. पंखा साफ करताना मी समोर बसले होते. पिवळा थर खरंच घोंगडीसारखा निघाला, करंगळीएवढा जाड. आता तळाला हात लावला तर कोमट लागतो, आधी चटका बसायचा आणि मला ते नेहमीचंच वाटायचं. खिडकीला पडदा लावलाय. रुमाल देवघरात गेला. मर्यादा ८० वर आहे.

काल दुपारी सव्वादोनला लाईट गेली ती चारला आली. रिटर्न भरून झालं तेव्हा ३१ टक्के शिल्लक होते, आणि ते खरे ३१ होते.

रविवारी पुण्याला जायचंय, गाडीत काम करावं लागेल. तेवढ्यापुरतं १०० केलं तर चालेल ना? शनिवारी रात्री लावून ठेवू का?

सोल्डरगन
चालेल ताई. पण रात्री नको. सकाळी उठल्यावर मर्यादा काढा, तुमचं आवरून डबा भरेपर्यंत वरचे २० टक्के भरतात.